दोरीअलीकडचा बॅज

सकाळी साडेसहाला कनेरगाव नाक्याजवळ एक जीप खड्ड्यात उलटली. ड्रायव्हर बाबूसिंगचे पाय आत अडकले. पाइपांचे जोड तपासायच्या यंत्राची जड पेटी त्याच्या अंगालगत येऊन पडली होती. पेटीवर किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं पिवळं चिन्ह होतं. बघ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "पंख्याची पेटी दिसती."

हिंगोलीहून अग्निशमनची गाडी आली आणि तिच्यामागे आपत्ती विभागाचे विजयकुमार साहेब. पुण्यात प्रशिक्षण घेतल्यापासून साहेबांना नियम तोंडपाठ होते. लांब धाब्याजवळ दोरी बांधून ते म्हणाले, "जीव वाचवायला आत जाता येतं. पण जाणाऱ्यानं धोका समजून, स्वेच्छेनं जायचं. किरणं मोजणारा बॅज लावायचा. रत्नपाल, तू स्वेच्छेनं जा."

फायरमन रत्नपालने हात पुढे केला. "बॅज द्या, साहेब."

पथकाकडे बॅज एकच होता आणि तो साहेबांच्या खिशाला शोभत होता.

"हा माझ्या नावावर आहे. हरवला तर जबाब कोण देणार?"

"अन् मी हरवलो तर?"

"वेळ नको घालवू. माणूस मरून राहिलाय तिकडं."

एवढं एकच साहेब खरं बोलले, म्हणून रत्नपाल गेला. दुसरीकडून हात पोचेना, तेव्हा पेटीवर छाती टेकवून त्याने पत्रा कापायला घेतला.

"भाऊ, पेटीला नका चिकटू," बाबूसिंग कण्हला.

"मंग तुला इथंच ठिवू का? गप पड."

दोरीपाशी अग्निशमन गाडीवरचा पंपवाला सोनाजी मोठ्यानं म्हणाला, "साहेब, धाब्यावर लई किरणं हायेत व्हय? बॅज तुमचा चहाच मोजून राहिला!"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला.

बाबूसिंग वाचला. दुपारी तज्ज्ञांनी पेटी नेली. तिच्यातून किरणं बाहेर पडत होती का, असं रत्नपालने विचारलं, तर ते म्हणाले, "तुमच्या साहेबांना कळवू."

घरी तान्ही लेक होती. तिला जवळ घ्यावं का, हेही त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "बॅजचा निकाल येऊ दे."

निकाल आला, शून्य. पथकात कुणालाही बाधा नाही, असं साहेबांनी पत्रकारांना सांगितलं. रत्नपालने रक्ततपासणी मागितली.

"बॅज शून्य असताना काहून?"

"साहेब, बॅज तुमच्या खिशाला होता."

"पथकाचाच होता ना?"

पेटीबद्दल काही कळलं का, हे साहेब सांगत नाहीत. रत्नपाल अजून ओसरीवर झोपतो. लेकरू रडलं की दारापर्यंत जातो आणि बायकोला, पल्लवीला, हाक मारतो.