थोरलीचं सेंटर

घरात सून एकच होती, तरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली म्हणजे घरामागच्या शेडमधलं सीएनसी लेथ, धातू कातायचं कॉम्प्युटरवालं मशीन. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून ती या घरात आली, तेव्हा धाकटीच्या लग्नाची बोलणीसुद्धा व्हायची होती. मामंजींच्या लेखी मानपान त्याच क्रमाने ठरला होता. सकाळी ते आधी थोरलीच्या तेलाची चौकशी करत आणि मग सुनेला विचारत, चहा झाला का.

हे थोरलेपण धाकटीनेच घालवलं, तेही चांगलं करायला जाऊन. जुन्या मशीनची सगळी आठवण एका बॅटरीवर टिकून असते, आणि बॅटरी संपत आल्याचा इशारा पडद्यावर उमटला तेव्हा मामंजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. धाकटीने नवी बॅटरी आणली. विजेच्या वस्तूला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, हे तिला लहानपणापासून बजावलेलं. तिने तो बंद केला, जुनी बॅटरी काढली, खाच कोरड्या फडक्याने पुसली आणि नवी बसवली. एवढ्या जुन्या मशीनची बॅटरी मात्र मशीन चालू ठेवूनच बदलायची असते, नाहीतर ते एका क्षणात सगळं विसरतं. मामंजींना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणाला सांगायला हवं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

सर्व्हिसवाला येऊन त्याच्याकडचे मशीनचे मूळ आकडे भरून गेला. बुशचा, म्हणजे आतून भोक असलेल्या लोखंडी नळकांड्याचा, प्रोग्रॅम धाकटीने स्वतः टाइप केला. पण टूल ऑफसेट, म्हणजे कुठलं टूल चकच्या फिरत्या पकडीतल्या रॉडपासून नेमकं किती अंतरावर उभं आहे त्याचे आकडे, कुणाच्याच बॅगेत नव्हते. पडद्यावर नुसती शून्यांची रांग दिसत होती.

मामंजी ओरडले असते तर बरं झालं असतं. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा, आला तसा जायचा. या वेळी मात्र त्यांनी तोंडाला कुलूप लावलं आणि जुनी मशिनं घेणाऱ्या दलालाला फोन केला. मग धाकटीला एवढंच म्हणाले, की मला मापाच्या डायलची सुई दिसत नाही आणि तुला सेटिंग येत नाही, आता तिला ठेवून करायचं काय. परगावी नोकरी करणाऱ्या नवऱ्यानेही फोनवर बापाच्याच सुरात सूर मिसळला. विकून टाका, तुलाही आराम मिळेल, म्हणाला. त्या आरामाने धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात ती कुणाची बायको होती, कुणाची सून होती. शेडमध्ये रॉड चकमध्ये धरून बटण दाबलं की ती कुणाची कुणी नसायची, आणि दिवसातले तेवढेच तास तिला खरोखर आवडायचे.

तिने मामंजींना सरळ सांगून टाकलं, की ड्रिल सेंटरला आणून भोक मापात पाडून दाखवते. जमलं तर थोरली जाणार नाही. मामंजी म्हणाले, दलाल जेवणानंतर येणार आहे, तोवर काय हवं ते कर. हा होकार होता की नकार, हे विचारत बसायला तिला वेळ नव्हता.

बाहेरून कापणारी टूल्स तिने सकाळीच उरकली. त्यांचं सोपं असतं, एक काप घ्यायचा, मोजायचं, आकडा भरायचा. ड्रिलचं तसं नाही. ड्रिलचा मध्य रॉडच्या मध्यावर पडला नाही, तर ते वेडंवाकडं शिरतं आणि भोक मोठं होतं. हे सेटिंग करताना मामंजींची रुंद पाठ नेहमी मधे असायची. त्या पाठीच्या कडेने दिसलं तेवढंच तिचं शिक्षण.

मामंजी दाराशी स्टुलावर बसले होते, मशीनकडे पाठ आणि कान मात्र शाबूत. धाकटीने ओढणी कमरेला घट्ट बांधली. होल्डरमधून ड्रिल काढून ठेवलं, चकवर डायल बसवला आणि सुईचं टोक होल्डरच्या रिकाम्या भोकात आतल्या कडेला टेकवलं. मग हाताने चक सावकाश फिरवलं. वर आणि खाली सुई सारखंच दाखवत होती, ते बरं झालं, कारण टूल वर-खाली सरकवायला ऑफसेटचं काही चालत नाही. अलीकडे आणि पलीकडे मात्र चाळीस रेघांचा फरक आला. होल्डर त्याच्या निम्म्याने सरकलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. तिने वीस भरले, ड्रिल बसवलं, रॉड आणि ड्रिलचं टोक यांच्यामध्ये कागदाचा कपटा धरून तो अडकेपर्यंत ड्रिल पुढे आणलं आणि लांबीचा आकडाही भरून टाकला.

ड्रिल कण्हत आत शिरलं. मामंजींची मान जराशी हलली. भोक मोजायच्या गेजला दोन टोकं असतात. एक आत जायलाच हवं, ते गो. दुसरं आत जाताच कामा नये, ते नो-गो. धाकटीने नो-गो लावलं आणि ते जावयासारखं थाटात आत जाऊन बसलं.

आपल्याला हे येत नाही, असा विचार तिच्या मनात आला, आणि आल्या पावली तिने त्याला हाकललं. चुकलं असेल तर कुठेतरी चुकलंय, आणि ते कुठेतरी याच शेडमध्ये आहे. तिने ड्रिल काढून पुन्हा डायल फिरवला. घाईत मघाशी हेच राहून गेलं होतं. फरक अजून वीस रेघांचा होता. म्हणजे तिने वीस सांगितले आणि थोरली दहाच सरकली.

ती पडद्याकडे बघत राहिली. बाहेरून काप घेताना रॉडची जाडी दहाने कमी करायची तर आपण दहाच भरतो, आणि टूल पाचच आत येतं. ही बाई बोलते ती सगळी जाडीच्या भाषेत. निम्मं करायचं काम ती न सांगता करून मोकळी होते, आणि वर धाकटीनेही निम्मं केलं होतं. एकाच भाजीत सासूने आणि सुनेने एकमेकींना न विचारता मीठ घालावं, तसं झालं. धाकटीला स्वतःचाच राग आला आणि हसूही आलं.

तिने उरलेले वीस पुरते भरले आणि चक फिरवलं. सुई जागची हलली नाही.

दलाल नेमका तेव्हाच आत आला. माणूस गोड बोलणारा होता. धाकटीने त्याच्याकडे लक्ष न देता नवा रॉड धरला. या वेळी ड्रिल कुरकुर न करता शिरलं. मामंजी उठून आले आणि गेज त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना कळत होतं. गो गेलं. नो-गो दारातच अडलं.

त्यावर सगळ्यांत खूश झाला तो दलाल. चालू मशीन म्हणजे सोन्याहून पिवळं, म्हणाला, संध्याकाळी गाडीच पाठवतो. धाकटीने मामंजींकडे पाहिलं. ते गेज बोटांत फिरवत उभे होते.

"आज जमलं," ते म्हणाले. "जमून जातं कधीकधी. पुन्हा सगळं पुसलं गेलं तर काय करशील?"

धाकटी पडद्यापाशी गेली, ड्रिलच्या ओळीवर आली आणि दोन्ही आकड्यांच्या जागी शून्य भरलं.

"अहो, हे काय करताय?" दलाल पुढे सरसावला.

"पुसतेय," ती म्हणाली.

आकडा लक्षात होता असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने होल्डरही सोडवला, टूल्स धरणाऱ्या टरेटवर दुसऱ्याच जागी आवळला आणि प्रोग्रॅममधला टूलचा नंबर बदलला. डायल, अलीकडे, पलीकडे, पुरता फरक, पुन्हा डायल. मग कागदाचा कपटा. दलालाने दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा उगाच खोकला. मामंजी तिच्या मागे उभे होते, मधे नव्हते.

तिसरा रॉड लागला. ड्रिल आत गेलं, बाहेर आलं. धाकटीने बुश काढून पुसला आणि मामंजींच्या पुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. हातातलं गेज त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवलं.

"तूच बघ," ते म्हणाले, आणि दलालाकडे वळले. "चला, तुम्हाला फाटकापर्यंत सोडतो. गाडी पाठवू नका."

दलाल वाटेत बरंच काही बोलत होता. शेडमध्ये त्यातलं नीट ऐकू येत नव्हतं आणि धाकटीला ऐकायचंही नव्हतं. तिने गेज लावलं, दोन्ही टोकांनी. मग बुश तयार मालाच्या ट्रेमध्ये ठेवला आणि पुढचा रॉड चकमध्ये धरला.