केझायाचं पान

ऑर्फा थ्रेलकिलने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण मोजल्याशिवाय एकही पोर कधी उतरवलं नाही. चढलेलं माणूस उतरलंच पाहिजे. नाही उतरलं तर ते सीटखाली कुठेतरी झोपलेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता तिच्या मोजणीत एक बाई कमी भरत होती. केझाया.

घराण्याचा मूळपुरुष ओबेडाया. व्हर्जिनियाच्या फौजेतून इंग्रजांशी लढला, मग केंटकीत येऊन त्याने जंगल तोडून जमीन धरली. त्याच्या थडग्यावर नवा दगड बसायचा होता. शुक्रवारी अक्षरं कोरायला घेणार होते, आणि मजकूर लांबचा चुलतभाऊ व्हर्लिनने देऊनही टाकला होता: ‘ओबेडाया, सैनिक, आणि पत्नी सुझाना.’ बस्स.

व्हर्लिन सुझानाच्या वंशातला, ऑर्फा केझायाच्या. सुझाना १७९९ साली वारली, मग केझाया घरात आली, तिला सात मुलं झाली, एवढं दोन्हीकडच्यांना मान्य होतं. लग्न तेवढं व्हर्लिनकडच्यांना मान्य नव्हतं. घराण्याच्या, आता व्हर्लिनकडे असलेल्या बायबलातलं लग्नांच्या नोंदींचं पान नाहीसं झालेलं. त्यावर केझायाचं लग्न नव्हतंच, म्हणून ते ऑर्फाच्या आजीने लाजेपायी फाडलं, असं व्हर्लिनकडचे लोक घराण्याच्या दर मेळाव्यात बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता सांगायचे. आजी तर ते ऐकतच म्हातारी झाली.

सोमवारी ऑर्फा कोर्टाच्या दप्तरखान्यात जाऊन बसली.

“जमीनविक्रीच्या यादीत केझाया नाहीच गं,” ती कारकून ट्वायलाला म्हणाली.

“यादीत बाप्येच असतात. ओबेडायाचं १८१७ चं विक्रीखत काढ आणि शेवटपर्यंत वाच. तुम्ही लोक खतातली हद्दीवरची ओकची झाडं मोजता आणि वही मिटता.”

ऑर्फाने शेवटपर्यंत वाचलं. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा हक्क असायचा, म्हणून विकताना तिला एकटीला बाजूला घेऊन विचारायची रीत होती. तेव्हाच्या कारकुनाने लिहिलं होतं: ‘ओबेडायाची पत्नी केझाया हिला नवऱ्यापासून वेगळं नेऊन विचारलं. स्वखुशीने सही करते म्हणाली.’ खाली सहीच्या जागी फुली.

दुपारी ती व्हर्लिनच्या दारात उभी.

“या वकिलीणबाई! काय आणलंत आज?”

त्याने कागद वाचला आणि परत दिला. “कारकुनाचं काय घेऊन बसलीस? ओबेडायाने सांगितलं, त्याने लिहिलं. मला लग्न दाखव, लग्न.”

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर ओबेडायाच्या लष्करी पेन्शनच्या अर्जाची नक्कल चौकटीत लावलेली होती. व्हर्लिनने १९७४ साली वॉशिंग्टनहून टपालाने नकला मागवल्या होत्या, त्यातली ही पहिली. ऑर्फाने ती चाळीस वेळा पाहिली असेल. आज तिने कोपरा वाचला.

“नंबराआधी हा डब्ल्यू कसला रे?”

“असतो. सरकारी आहे ते.”

ती तशीच ट्वायलाकडे गेली. ट्वायलाने पेन खाली ठेवलं.

“सैनिकाची स्वतःची फाईल असेल तर एस. डब्ल्यू म्हणजे विधवा. विधवेचा अर्ज मंजूर झाला की नवऱ्याचे कागदही तिच्याच फायलीत जातात.”

“आणि सुझाना तर त्याच्या कितीतरी आधी गेली.”

“मग मोज की. राहिलं कोण?”

“पण व्हर्लिनकडे दहाच पानं आहेत.”

“तेव्हा निवडक दहाच पाठवायचे. बाकीची मागावी लागायची. त्याने मागितली नाहीत.”

मंगळवारी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ऑर्फाने अख्खी फाईल उघडली. चौऱ्याहत्तर पानं. अकरावं, बारावं, तेरावं... शेजाऱ्यांच्या साक्षी, शिक्के, पुन्हा साक्षी. डोळ्यांना पाणी यायला लागलं तरी तिने एकही वगळलं नाही. बावन्नावं पान छापील होतं, बायबलातलं. त्यावर शाईने: ‘ओबेडाया आणि केझाया, ९ मार्च १८०२.’ डाव्या कडेला कात्रीचा काप, मध्येच वाकडा जाऊन पुन्हा सरळ झालेला. पुढच्या पानावर न्यायाधीशाची नोंद, १८५३ ची: ‘विधवेकडे दुसरा पुरावा नाही, म्हणून तिने हे पान माझ्यासमोर स्वतः कापून दिलं.’

तिने दोन्ही पानं मूळ मापात छापून घेतली. गुरुवारी व्हर्लिनच्या टेबलावर थंड चहाचा ग्लास बाजूला सारून म्हणाली, “बायबल काढ.”

“हात धुतलेस?”

“तू धू. तूच लावून बघायचं आहेस.”

बायबलात शिवणीपाशी कापल्या पानाची चिंचोळी पट्टी उरली होती. व्हर्लिनने छापलेलं पान तिला लावलं. काढलं, पुन्हा लावलं. वाकडेपणाला वाकडेपणा बरोब्बर बसला. मग तो न्यायाधीशाची नोंद वाचत बसला, ओठ हलवत.

“कात्री बोथट होती वाटतं,” शेवटी म्हणाला.

“ऐंशीच्या घरातली बाई होती, व्हर्लिन. लग्नाचा एकुलता पुरावा कापून सरकारला देत होती. हात हलला असेल.”

त्याने फोनकडे हात नेला. “दगडवाल्याला सांगतो, नाव घाल म्हणून.”

“थांब. पान कोणी काढलं?”

“...केझायाने.”

“माझ्या आजीने?”

“नाही.”

“मेळाव्यात सांगशील?”

“सांगेन की. सॅलड वाढायच्या आधी का नंतर?”

“आधी. भरल्या तोंडाने नको.”

व्हर्लिनने नंबर फिरवला आणि दगडवाल्याला केझायाचं नाव एकेक इंग्रजी अक्षर करून सांगू लागला. ऑर्फा बोटांवर मोजत होती. सहा. सगळी उतरली.