कमी आवाजाचं काम

आमच्या घरात काम डोळ्यांनी तपासत नाहीत, कानांनी तपासतात. ही पद्धत सासऱ्यांनी पाडली. पाठीचं दुखणं वाढल्यावर डॉक्टरांनी त्यांना ट्रॅक्टरवर बसायची बंदी केली आणि बाजूच्या अंगणाला लागून असलेल्या खोलीत त्यांचा पलंग पडला. तेव्हापासून ते उताणे पडून ट्रॅक्टर चालवतात. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस निदान उंटावर तरी बसलेला असतो.

धंदा साधा आहे. आसपासच्या बागांमध्ये छाटणी झाली की फांद्या आमच्या अंगणात येऊन पडतात. चिपर नावाचं एक यंत्र आहे. त्याच्या तोंडात फांदी सारली की ते वरच्या नळकांड्यातून तिचा चुरा थुंकतं. तो पोत्यांत भरून आम्ही रोपवाटिकांना देतो. चिपरला स्वतःचं इंजिन नाही. आमच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पाठीमागून एक फिरता दांडा निघतो, त्याला पीटीओ म्हणतात, तो चिपरला फिरवतो. दांड्याचे मिनिटाला पाचशे चाळीस फेरे व्हावेत, असं चिपरच्या पत्र्यावरच कोरलेलं आहे. आणि तेवढे फेरे मिळवायचे तर हाताचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायची कांडी, जवळजवळ शेवटपर्यंत ओढायचा, हे सासऱ्यांच्या मनावर कोरलेलं आहे. नवऱ्याचा हात जरा ढिला पडला की खोलीतून आवाज येतो, "अरे, झोपलास काय? गर्जू दे त्याला!"

तो गर्जतो. आणि दुपारी जिथे गर्जतो तिथून बारा पावलांवर आमच्या ठकूचा पाळणा आहे.

ठकू म्हणजे आमची मुलगी, वर्षाची व्हायला आलेली. फांद्यांचा हंगाम सुरू झाला आणि तिची दुपारची झोप संपली. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून वजन नाही. दवाखान्यातल्या नर्सने तिला काट्यावर ठेवलं, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मागच्या महिन्याइतकंच आहे. पुढच्या वेळी वाढलेलं दिसायला हवं." न वाढल्यास काय, ते तिने सांगितलं नाही. ते मी घरी येऊन स्वतःच ठरवलं, आणि बरंच ठरवलं.

मी उपाय सुचवून पाहिले. चिपर पलीकडच्या कोपऱ्यात नेऊ या, म्हटलं. "तिथे फरशी नाही," सासरे म्हणाले. पाळणा पुढच्या खोलीत नेला. तिथे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे वेल्डर, म्हणून परत आणला. खिडकीला गादी लावली. सासूबाई गादीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता पोरीला उजेडाचीही सवय मोडेल."

मला बघत बसायची सवय आहे. मूल झाल्यापासून ती इतकी वाढली की अंगणात कुठे खिळा पडलाय, कुठे पाणी साचलंय, ट्रॅक्टरचा कुठला भाग कितपत तापतो, हे मला तोंडपाठ आहे. असंच एकदा ठकूला कडेवर घेऊन खिडकीत उभी असताना मला सीटच्या शेजारचा दांडा दिसला. त्याच्या खाली दोन खुणा होत्या. एकीवर ५४०, दुसरीवर पुन्हा ५४०, पण पुढे एक अक्षर. एकच आकडा कुणी दोनदा कशाला लिहील?

रात्री नवऱ्याला विचारलं.

"तो? तो असतो," तो म्हणाला.

"असतो म्हणजे?"

"कंपनीने दिलाय. बाबांनी कधी हलवला नाही, म्हणून मीही नाही."

मग आम्ही दोघांनी फोनवर शोधलं. दुसरी खूण बचतीच्या गिअरची. त्यात इंजिन पार हळू चालवलं, मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या जागी सतराशेवर, तरी मागच्या दांड्याचे फेरे तेवढेच, पाचशे चाळीस. डिझेल कमी, आवाज कमी. अट एकच: काम हलकं हवं. आणि त्या गिअरमध्ये इंजिन चुकूनही पूर्ण ओढायचं नाही, नाहीतर मागचा दांडा आठशेच्या घरात पळेल, आणि त्याला जोडलेलं यंत्र एवढ्यासाठी बनवलेलं नसतं.

"बाबांना सांगू या," मी म्हटलं.

"सांगू," नवरा म्हणाला. आमच्या लग्नात त्याने याच सुरात होकार दिला होता, म्हणून मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाबांना न सांगताच सीटशेजारचा दांडा पलीकडे टाकला. बारीक फांद्यांचा ढीग होता. चिपर नेहमीसारखा चुरा थुंकत होता आणि ट्रॅक्टर मात्र पोटात बोलल्यासारखा घुमत होता. ठकूने एकदा कान टवकारले आणि झोपली. मी तिच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं. श्वास चालू होता.

खोलीतून हाक आली. "अरे, आवाज कुठे गेला?"

त्या वेळी खरं बोलायला नवऱ्याला एक श्वास पुरला असता. तो ओरडला, "सायलेन्सर बदललाय, बाबा! नवा बसवला!"

खोलीत पलंग करकरला. मग, "चांगला आहे."

झालं. त्यानंतर सायलेन्सर मोठा होत गेला. सासऱ्यांनी तो भेटायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवला. "डोळे मिटून ऐका. आहे का त्रास? जोर तोच, फक्त धूर चाळणीतून येतो." समोरच्या वेल्डरला तर त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. वेल्डर अंगणात येऊन सायलेन्सरसमोर उभा राहिला. त्यावरचा गंज त्यानेच दोन वर्षांपूर्वी घासला होता आणि जोडही त्यानेच मारला होता.

मी चहा घेऊन बाहेर आले. आमची नजरानजर झाली.

"नवा आहे," मी म्हटलं.

"दिसतोय की," वेल्डर म्हणाला, आणि चहा घेतला. त्याच्या घरातही सासरा होता.

या काळात ठकू रोज दुपारी झोपू लागली आणि उठली की खाऊ लागली. पुढची तपासणी जवळ येत होती. एकदा चिपर चालू असताना तिने वाटीभर भात संपवला आणि वाटी चाटली. मी तिला उचलून अंदाज घेतला. जड लागली. पण ती आदल्या दिवशीही तेवढीच जड लागली होती, त्यामुळे माझ्या हातांवर विसंबता येत नव्हतं.

मग सासऱ्यांची पाठ बरी झाली. पूर्ण नाही, पण पट्टा बांधून चालण्याइतकी. नवरा रोपवाटिकेत पोती टाकायला गेला होता. मी पाळणा हलवत होते, तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर सासरे सीटवर. पट्ट्याने ताठ बसलेले, फोटोला बसल्यासारखे. चिपर जोडलेलाच होता. सीटशेजारचा दांडा बचतीच्या खुणेवर होता आणि तो त्यांनी कधीच न हलवल्यामुळे तिकडे त्यांचं लक्ष जाणार नव्हतं. त्यांनी पीटीओ जोडला. मग चाळीस वर्षांच्या सवयीने हाताचा थ्रॉटल शेवटपर्यंत ओढला.

इंजिन गर्जलं ते ओळखीचं होतं. चिपरमधून आलेला आवाज ओळखीचा नव्हता. तो चढत गेला, शिट्टीसारखा, आणि अख्खं यंत्र फरशीवर उड्या मारायला लागलं. तोंडात अडकून राहिलेली एक डहाळी त्याने ओढली आणि तिचा चुरा आमच्या भिंतीवरून, रस्त्यावरून थेट वेल्डरच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर नेऊन टाकला.

मी ठकूला सासूबाईंच्या मांडीत ठेवलं. ओढणी काढून खुर्चीवर टाकली, कारण फिरत्या दांड्याजवळ लोंबणारं काही न्यायचं नाही. मग धावले. मागून नव्हे, पुढून, सासऱ्यांना दिसेन अशी.

"बाबा, खाली घ्या! थ्रॉटल खाली घ्या!"

"काय?"

"खाली!"

"ऐकू येत नाही!"

चढून थ्रॉटल मीच खाली ढकलला आणि चावी फिरवली. चिपर बराच वेळ शिट्टी वाजवत राहिला, मग थकला. सासरे माझ्याकडे बघत होते. या घरात आल्यापासून मी त्यांच्या हातातलं काही ओढून घेतलं नव्हतं, साधी पेपरची पुरवणीसुद्धा.

"दांडा बचतीवर होता," मी म्हटलं. "यात इंजिन हळूच ठेवायचं असतं. फेरे तेवढेच पडतात. पूर्ण ओढलं की चिपर फुटेल."

"आणि सायलेन्सर?"

मी सायलेन्सरकडे बघितलं. त्यानेही काही मदत केली नाही.

"जुनाच आहे," दारातून सासूबाई म्हणाल्या. ठकू त्यांच्या खांद्यावर भोकाड पसरत होती. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"गर्जेल तो पडेल काय, हे मी तुम्हाला किती वर्षं सांगतेय? एकदा न गर्जता पडत होता, तर म्हटलं पडू दे."

सासरे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवऱ्याने दांडा मुकाट्याने जुन्या खुणेवर आणला. अंगण पुन्हा गर्जू लागलं, ठकू पुन्हा रडू लागली. दोन्ही दुपारी तिने भाताला तोंड लावलं नाही. तपासणी चार दिवसांवर होती. मी खिडकीत उभी राहून कुणावर रागवावं याचा विचार करत होते आणि सगळेच पात्र वाटत होते.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी खुर्ची अंगणात मागवली. चिपरसमोर, सुरक्षित अंतरावर.

"दाखव," ते नवऱ्याला म्हणाले. "आधी माझ्या पद्धतीने. मग तुमच्या."

नवऱ्याने सारख्याच जाडीच्या फांद्यांचे दोन ढीग केले. पहिला गर्जत गेला, दुसरा घुमत. सासऱ्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून काम ऐकलं. दोन्हीकडचा चुरा मुठीत घेऊन चोळला, वासही घेतला. फरक सापडला नाही. त्यांचा चेहरा असा झाला की मला जाऊन खोटं बोलावंसं वाटलं.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या मनगटाएवढ्या जाड फांद्यांवर गेली.

"यातली एक घाल. तुमच्या पद्धतीने."

नवऱ्याने घातली. इंजिन कण्हलं, थरथरलं आणि काळा धूर ओकून बंद पडलं.

"मेलं!" सासरे खुर्चीतून उठले, पाठ विसरून. "मेलं की नाही? पोटात जोर नको का? अडीच हजारावर आण, मग बघ कसं खातं!"

अडीच हजारावर त्याने खाल्लं. सासऱ्यांच्या अंगात पुन्हा सासरे आले. त्यांनी जागच्या जागी हुकूम काढला: बारीक फांद्या दुपारी, बचतीवर. जाड फांद्या संध्याकाळी, पूर्ण थ्रॉटलवर.

"पण संध्याकाळी ती दचकते," मी म्हटलं. "जागी असली तरी."

"मग मी नेतो तिला फिरायला."

ते गेले तर इंजिन ऐकणार कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

मी बाबागाडीत टोपी, पाणी, उकडलेला बटाटा, दुसरी टोपी आणि माझा फोन नंबर लिहिलेला कागद ठेवला. सासऱ्यांनी कागद काढून मला परत दिला. "तुझा नंबर मला पाठ आहे, सूनबाई. तू रोज दहा वेळा लावायला सांगतेस." आणि ते पट्टा बांधून, गाडी ढकलत रस्त्याच्या टोकाला दिसेनासे झाले. नवऱ्याने थ्रॉटल ओढला.

मी फाटकात उभी होते. बऱ्याच वेळाने ते वळणावर दिसले, अगदी हळू येताना, आणि फाटकाबाहेर थांबले. ठकू गाडीत झोपली होती, तोंड उघडं, गालाला बटाटा. नवऱ्याच्या मागे अर्धा ढीग बाकी होता.

सासऱ्यांनी हात वर केला आणि खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. बापाचा ‘कमी कर’ म्हणणारा हात नवऱ्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने मान डोलावली आणि थ्रॉटल उरला होता तेवढाही ओढला.

मी ओढणी काढून फाटकावर टाकली आणि पुढून जाऊन चावी फिरवली. अंगण गप्प झालं.

"अगं, अर्धं राहिलंय," नवरा म्हणाला. "बाबा काय म्हणतील?"

बाबा फाटकातून आत आले, गाडी उंबऱ्यावरून अलगद उचलत. "काही अडलंय का त्या फांद्यांवाचून?" ते कुजबुजले. "उठली की खाईल. बटाटा अर्धा संपवलाय तिने, बाकीचा गालाला आहे."