सरांची अक्कल

मित्रांनो, मी एक निवृत्त अक्कलदाढ आहे. नोकरी अशी मी कधी केलीच नाही. सरांच्या जबड्यात मागच्या कोपऱ्यात मी आडवी उगवले आणि पंचवीस वर्षं तशीच लोळत राहिले. घास चावले शेजारणींनी, शिव्या खाल्ल्या मी.

सर पीएचडीला मार्गदर्शन करतात, म्हणजे विद्यार्थ्यांचे कागद लाल पेनाने रंगवतात. त्यांची एक विद्यार्थिनी दातांच्या गरातल्या पेशींपासून हाड वाढवू पाहत होती. जबड्याचं झिजलेलं हाड पुन्हा भरून यावं, एवढीच तिची इच्छा. चार वेळा पेशी वाढल्या, चारही वेळा बुरशीने खाल्ल्या. आता एकच सत्र उरलं होतं आणि न किडलेली दाढ कुठे मिळत नव्हती. सर रोज सांगत, "जरा अक्कल वापर."

तेवढ्यात मी हिरडी सुजवली. सरांचं तोंड उघडेना. विभागात शांतता पसरली आणि लोकांनी ती मनापासून उपभोगली. मी किडले नव्हते, तरी मला काढायचं ठरलं. काढल्यावर असलेली अक्कल तरी शाबूत राहील ना, असं सरांच्या बायकोने डॉक्टरांना विचारून घेतलं.

विद्यार्थिनी संमतीपत्र घेऊन दवाखान्यात धावली. सरांनी खुर्चीत पडल्या पडल्या आधी त्यातले तीन स्वल्पविराम सुधारले, मग सही केली. थोड्या वेळाने मी बाहेर. तान्हं बाळ न्यावं तसं तिने मला प्रयोगशाळेत नेलं.

इतक्या जुन्या दाढेत काय उरलं असणार, असं सगळे म्हणाले. उरलं होतं, चिमूटभर. ती पेशींना खाऊ घाली, ऊब देई आणि झाकण उघडताना श्वास रोखून धरी. पाचव्या आठवड्यात तिने काचेच्या ताटलीत रंग ओतला. हाड धरलं असेल तर तो चिकटतो, नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातो. तिने एकदा धुतलं. पुन्हा धुतलं. ताटली लालभडकच राहिली.

सर गाल चोळत आले. ताटलीत डोकावले. खिशातलं लाल पेन काढलं आणि न उघडताच परत ठेवलं.

"या वेळी काय वेगळं वापरलंस?"

"तुमचीच अक्कल, सर."

सर तोंडभर हसले. मागे आता जागाही होती.

मी तिच्या टेबलावर बरणीत असते. प्रबंधाच्या आभारात माझा उल्लेख सरांच्या आधी आहे. तेव्हा मित्रांनो, ब्रश अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत नेत जा. तिथे आडवं पडलेलं कोण कधी कामाला येईल, सांगता येत नाही.