जागेवर

तुम्ही मेलेले मागितलेत, म्हणून तिनं मारले.

गोष्ट एवढीच आहे. पण एवढीच सांगितली तर उद्या तुम्हीच म्हणाल, आम्ही कुठं मारायला सांगितलं होतं? नव्हतंच सांगितलं. तुम्ही फक्त जाहीर केलंत की साथीच्या संकटात ज्यांचा माल मेला, त्या मासे-शिंपलेवाल्यांना सरकारी मदत मिळेल. ज्यांचा माल जिवंत आहे आणि विकला जात नाही त्यांचं काय, याबद्दल तुमच्या तोंडून शब्द निघाला नाही. माल जिवंत म्हणजे मालक मजेत, असं तुमच्यातल्या कुणाला तरी वाटलं असणार. त्या माणसानं शिंपला पाहिला असेल तो फक्त ताटात.

म्हणून नीट सांगतो. ऐका.

खाडीच्या आतल्या वळणावर दोन तराफे शेजारी शेजारी आहेत. एक धाकटीचा, एक आक्काचा. आक्का म्हणजे धाकटीची मोठी नणंद. नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि भावाच्या संसारात तोंड खुपसायचं नाही म्हणून तिनं स्वतःचे पिंजरे पाण्यात सोडले. पिंजऱ्यात मासे. धाकटीच्या तराफ्याखाली दोऱ्या लोंबतात, त्या दोऱ्यांवर शिंपले. धाकटीचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, बायकोसुद्धा.

धाकटीला हे काम आक्कानंच शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला जिवंत शिंपला कोणता आणि मेलेला कोणता, तेही कळत नव्हतं. आक्कानं एक तोंड उघडलेला शिंपला तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "बोटानं टकटक कर. आत कुणी असलं तर दार लावून घेतं. नसलं तर उघडंच राहतं." धाकटीनं टकटक केलं. शिंपला हळूहळू मिटला. ती एवढी हसली की तराफ्यावरून पडता पडता राहिली.

मग साथ आली. हॉटेलं बंद, बाजार बंद, बर्फाचा कारखाना बंद, माल नेणाऱ्या गाड्या बंद. शिंपल्यांना कुणी कळवलं नाही. ते वाढत राहिले. आता शिंपला ठरलेल्या वेळी काढला नाही तर तो इतका जड होतो की दोरी सोडतो आणि गाळात जातो. धाकटी सकाळी दोरी उचलायची तर ती कालच्यापेक्षा हलकी लागायची. रोज. आपलं घर कुणीतरी भांडं भांडं करून उचलून नेतंय आणि आपण दारात उभे राहून बघतोय, तसं.

तुमची ती सूचना मिस्त्रीनं फोनवर वाचून दाखवली. मेलेल्या मालालाच मदत. आणि खाली एक ओळ: मेलेला माल पाहणीच्या वेळी जागेवर असावा.

"आपले मेलेत का?" धाकटीनं विचारलं.

"गाळात गेले ते मेल्यातच जमा."

"गाळातले बघायला साहेब बुडी मारणार आहे का?"

मिस्त्री हसला. "मारेल की. पोट बघितलंस का त्यांचं? बुडी मारली तर वर यायची काळजी नाही, आपोआप तरंगतील."

धाकटी हसली नाही. ती आक्काकडे गेली. आक्का पिंजऱ्यांवर वाकून मूठमूठ खाद्य टाकत होती. पूर्वी पसा भरून टाकायची. कानातली फुलं दिसत नव्हती. धाकटीनं विचारलं नाही. खाद्य कुठून आलं हे कळायला कान पुरेसे होते.

"आक्का, तुम्ही मदत मागणार?"

"माझे जिवंत आहेत गं. कुठल्या तोंडानं मागू?" आक्का म्हणाली. "बाजार आज ना उद्या उघडेल. तोवर यांना पोसायचं. माझं मी बघते, तू तुझं बघ."

धाकटीनं आपलं बघितलं.

भर उन्हात तिनं दोऱ्या वर ओढल्या आणि तराफ्यावर आडव्या टाकल्या. मिस्त्री बंदरात इंजिन खोलून बसला होता. आक्का जेवायला घरी गेली होती, ऊन उतरल्याशिवाय परत यायची नाही. उन्हात शिंपले आवाज करतात, हे तुम्हाला माहीत नसेल. बारीक चुटचुट होते. आतलं पाणी सुटतं, कड ढिली होते. ती पाठ करून बसली. मग राहवलं नाही म्हणून वळली आणि सवयीनं एकाला टकटक केलं. त्यानं दार लावून घेतलं. दुसऱ्याला केलं. त्यानंही लावलं. तिनं हात पदराखाली घेतला आणि पुन्हा पाठ केली. ऊन उतरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग पुन्हा टकटक केली तेव्हा कुणीच काही लावलं नाही.

आता तो शब्द. जागेवर. तुम्ही लिहिलात, तिनं पाळला. शिंपल्याची जागा कुठली? दोरीवर. आणि दोरीची? पाण्यात. खाडीतल्या कुणालाही विचारा, दुसरं उत्तर मिळणार नाही. तिनं मेलेल्या शिंपल्यांच्या दोऱ्या जिथल्या तिथं परत पाण्यात सोडल्या आणि तुमच्या माणसाची वाट बघू लागली.

तुमचा माणूस सोमवारी येणार होता. सोमवारी गाडी नव्हती. मग गाडी होती तर ड्रायव्हर रजेवर. मग वरून आदेश यायचा होता. धाकटी रोज फोन करायची. तिकडची बाई रोज म्हणायची, "येतील हो, माल जागेवर ठेवा."

एरवी खाडी सगळं धुऊन नेते. उधाणाचं पाणी असं येतं आणि जातं की कालचा कचराही आज सापडत नाही. पण मधे भांगाचे दिवस येतात, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. वळणाच्या आत तर ते तळ्यासारखं बसून राहतं. ते दिवस आले. दोऱ्यांवरचं मांस सडत होतं आणि पाणी हलत नव्हतं. धाकटीला वास आला होता. आला होता, पण तिला वाटलं, उद्या येईल पाहणीवाला. उद्या काढू.

"धाकटे! अगं धाकटे, लवकर ये!"

आक्काची हाक पहाटेच आली. धाकटी धावत गेली. पिंजऱ्यांत सगळे मासे पृष्ठभागावर आले होते आणि तोंड उघडून हवा गिळत होते. आक्का वल्ह्यानं पाणी बडवत होती. बडवल्यानं पाण्यात हवा जाते, मासा तगतो. धाकटीनं दुसरं वल्हं घेतलं. मिस्त्रीनं बोटीचा पंप आणून लावला. तिघं बडवत राहिली. आक्का मधेच माशांना शिव्या देत होती, मधेच लाडानं बोलत होती. "थांबा रे, थांबा जरा, आता पाणी येतंय." पाणी आलं नाही. ऊन वर चढलं तेव्हा पिंजऱ्यांत पांढऱ्या पोटांशिवाय काही दिसत नव्हतं.

आक्का खाली बसली. धाकटीच्या तळहातांना वल्ह्यानं फोड आले होते. आक्कानं ते हात ओढून घेतले आणि आपल्या ओल्या पदरानं पुसू लागली.

"बघ काय करून घेतलंस," ती म्हणाली. "तुझे मेले, माझे मेले. पाण्यालाच काहीतरी झालंय गं. रडू नको. तुला तरी मदत मिळेल."

मिस्त्री बायकोकडे बघत होता. घरी आल्यावर म्हणाला, "तोंडाला कुलूप लाव."

"ती हात पुसत होती माझे."

"कुलूप म्हणालो ना."

आणि मग, सगळं झाल्यावर, तुमचा पाहणीवाला आला. बरा माणूस होता, खोटं कशाला बोलू. नाकाला रुमाल लावला होता पण तराफ्यावर स्वतः आला, दोरी स्वतः ओढली, शिंपले हातात घेऊन बघितले.

"हे सगळं पाण्यात का ठेवलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, जागेवर."

"अहो ताई, जागेवर म्हणजे... फेकून देऊ नका, एवढंच. अंगणात ठेवलं असतंत, पोत्यात भरून ठेवलं असतंत, चाललं असतं."

"मग तसं का नाही लिहिलंत?"

"ते वाक्य कोंबड्यांच्या योजनेतलं आहे," तो खाली बघत म्हणाला. "मागच्या वेळी कोंबड्यांना रोग आला होता. तेच पुढं चालवलं. कोंबडी जागेवर राहिली तर कुणाला काही होत नाही."

ऐकलंत? कोंबड्यांचं वाक्य तुम्ही पाण्यात टाकलंत.

नंतर तो आक्काच्या पिंजऱ्यांकडे गेला. पाणी बाटलीत घेतलं, वास घेतला, दोन तराफ्यांमधलं अंतर नजरेनं मोजलं. आक्कानं विचारलं, "माझंही बसेल का योजनेत? आता तर मेलेत."

"नाही बसणार, आक्का. हे साथीच्या संकटामुळं मेले नाहीत. स्थानिक कारण आहे."

"स्थानिक म्हणजे?"

त्यानं धाकटीकडे बघितलं. एकदाच. "म्हणजे इथलंच काहीतरी," तो म्हणाला आणि बोटीत बसला. त्यानं धाकटीला वाचवलं. तेव्हापासून तिला जेवण जात नाही.

मदत आली. तुमची मदत येते तेव्हा येते, हेही खरं. मिस्त्रीनं नव्या दोऱ्या आणल्या. आक्कानं पिंजरे विकले, जाळ्यांसकट, पडेल त्या भावात. आणि एका सकाळी ती धाकटीच्या ओट्यावर येऊन बसली, दोऱ्यांची गुंडाळी मांडीवर घेतली, गाठी मारायला लागली आणि हसत म्हणाली, "काय मालकीणबाई, कामावर ठेवता का? मुकादम म्हणून नको. हाताखाली ठेवा. खाते कमी, बोलते जास्त."

धाकटी उठून आत गेली. मोरीत तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. बाहेर येऊन म्हणाली, "आक्का, उद्या माझ्याबरोबर कचेरीत चला. तुम्हाला मदत नाकारली, त्याबद्दल विचारू."

"काय उपयोग?"

"चला तर."

घरी तिला बोलता येत नव्हतं. घरी आक्का हात धरायची. कचेरीत मधे काच असते.

तुमची ती कचेरी. लांब व्हरांडा, एक बाक, खिडकीला वरखाली सरकणारी काच. आत बाई बसल्या होत्या. आक्का शेजारी उभी होती. धाकटीनं खिडकीला तोंड लावलं आणि आक्काकडे न बघता बोलली.

"माझे शिंपले साथीनं मेले नाहीत. मी मारले. उन्हात घालून. मेलेले पाण्यात ठेवले, त्यानं पाणी सडलं आणि हिचे मासे मेले. माझी मदत काढून घ्या आणि हिला द्या."

आतल्या बाईंनी चष्मा काढला. "हळू बोला. असं बोलायचं नसतं."

"मोठ्यानं बोलू का मग?"

"अहो, तुमची काढून घेता येईल. पण यांना देता येणार नाही. यांचे साथीनं मेले नाहीत."

"माझेही साथीनं मेले नाहीत!"

"पाहणीत तसं आलेलं नाही."

"मग बाजार कुणी बंद केला? मेलेलेच कुणी मागितले? जागेवर ठेवा कोण म्हणालं? येतील येतील म्हणून रोज फोनवर कोण सांगत होतं? तुमचाच आवाज होता ना?"

"ते मी नाही ठरवत," बाई म्हणाल्या.

"कोण ठरवतं?"

बाईंनी काच खाली ओढली.

धाकटी वळली. आक्का बाकावर जाऊन बसली होती. धाकटी तिच्याजवळ बसायला गेली. आक्का सरकली. जागा द्यायला सरकतात तशी नाही. बाकाच्या टोकापर्यंत.

मग आक्का म्हणाली, "वास आला होता तुला?"

"आला होता."

"कधी?"

"आधीच."

आक्कानं मान हलवली. तिनं धाकटीला शिवी दिली नाही. दिली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं, आणि आक्काला ते ठाऊक असणार. ती उठली, खिडकीशी गेली आणि वाकून काचेत डोकावली. आतल्या बाईंनी काच बोटभर उघडी ठेवली होती, हवा यावी म्हणून. आक्कानं बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केलं.

आतून हात आला. फट बंद झाली.

"आहे," आक्का म्हणाली. "आत कुणीतरी आहे."

ती परत येऊन बाकाच्या टोकाला बसली. दुसऱ्या टोकाला धाकटी आहे. दोघींच्या मधे एक माणूस आरामात मावेल एवढी जागा आहे. त्या घरी जायला तयार नाहीत. कारण घरी गेल्या तर मधली जागा तशीच राहील, आणि त्या जागेत खरं तर तुम्ही बसायला हवं.

आत आहात हे कळलंय. दार लावून घेतलंत, म्हणजे जिवंत आहात. आता बोला. आक्काचे मासे कुणी मारले? धाकटीनं, असं म्हणाल, तर ते तिनं तुमच्या खिडकीत उभं राहून, जिचे मेले तिच्यासमोर, स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. ते झालं. दुसरं नाव सांगा.