ओस्कारचं सोललेलं नाक

"मारामारी केलीये का यानं कुणाशी?" ओस्कारचं तोंड दिव्याखाली धरून डॉक्टर लुत्सबाईंनी विचारलं.

"कुणाशी करणार? घरात मी एकटीच," वाल्ट्राउट म्हणाली.

ओस्कार म्हणजे तिच्या नवऱ्याचा, एगोनचा पाळीव अजगर. एगोन गेल्या हिवाळ्यात वारला आणि हा दोन हात लांबीचा आळशी जीव मागे राहिला. एगोन असताना या छंदाच्या नावानं तिनं सतत बोटं मोडली होती. पण आता ओस्कार उंदराला तोंड लावेना आणि त्याच्या नाकावरची खवलं सोलवटली, तेव्हा तिच्या जिवाला घोर लागला. एगोनचं म्हणावं असं श्वास घेणारं घरात तेवढंच उरलं होतं.

"त्याच्या काचेच्या पेटीत लपायला काय आहे?"

"काही नाही! झाडाच्या साली, फुटकं मडकं, वाळकी पानं... नुसता उकिरडा करून ठेवला होता एगोननं. मी सगळं फेकलं. काच तर दिवसातून दोनदा पुसते."

एस्लिंगनमध्ये सामाईक जिना झाडायची पाळी आली की माणसं आजारपणसुद्धा पुढं ढकलतात. त्या गावातही स्वच्छतेत वाल्ट्राउटचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आणि पाठीवरचे हे ओरखडे?"

"कात अर्धवट लोंबत होती. बरं दिसेना. उकडलेल्या बटाट्याचं साल काढतात ना, तशी काढली."

डॉक्टरबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "अहो बाई, उघड्यावर बसवलंत तुम्ही त्याला! लपायला जागा नाही, म्हणून बिचारा दिवसभर काचेवर नाक घासतोय. मलम देते. तीन बाजूंना कागद लावा, आत अंधारी बिळं ठेवा. आणि महिनाभर त्याला उचलायचं नाही."

"रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर बसून बातम्या बघतो हो तो!"

"त्याला नकोत बातम्या."

"पण एकटं वाटेल त्याला."

"त्याला नाही वाटत," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

वाल्ट्राउट अर्धवट काम करणारी नव्हे. तिनं चारही बाजू झाकल्या आणि बागेतला पालापाचोळा स्वतःच्या हातानं घरात आणला. शेजारची नेगेलेबाई ते बघून हादरलीच.

"अगं, घरात कचरा? बरी आहेस ना तू? थांब, मी फडका आणते."

"हात लावशील तर याद राख!"

नेगेलेबाई आली तशी गेली आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी तीन मजल्यांवर पोचली.

दिवस गेले. एका रात्री वाल्ट्राउटनं आत उंदीर ठेवला. सकाळी झाकण किंचित उचलून पाहिलं, तर उंदीर नव्हता. पानांखाली एक गलेलठ्ठ फुगवटा निवांत पडला होता. तिला इतका आनंद झाला की त्याला उचलून छातीशी धरावं असं वाटलं. हात आत गेलासुद्धा. मग तिनं तो मागे घेतला आणि झाकण लावलं.

"जेवला गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली आणि एगोनच्या अंत्यविधीतही न रडलेली ती बाई ढसाढसा रडली. डोळे पुसून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि जाताना खोलीचं दार तिनं अलगद लोटून घेतलं.