माझ्याखाली बसलेला माणूस

मी चटई बोलतेय. थांबा, लगेच बसायला पुढे सरकू नका! आमच्या सामोआच्या बेटांवर बसायच्या चटया वेगळ्या आणि मानाच्या चटया वेगळ्या. मी मानाची. माझ्यावर आजवर कुणी टेकलेलंसुद्धा नाही.

केवड्याच्या जातीची पानं उकळून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून, मग नखाने चिरून त्यांचे दोऱ्याएवढे पट्टे काढतात. अशा पट्ट्यांनी मी विणली गेले. गावातल्या बायका एकत्र बसून विणायच्या आणि बोटांपेक्षा त्यांची तोंडं जास्त चालायची. कुणाची सून आळशी, पाद्रीबाबा जेवणावर कसा तुटून पडतो, सगळं माझ्या विणीत गेलंय. शेवटी किनारीला लाल पिसं लावली, तेव्हा मी इतकी मऊ झाले होते की दुमडून ओंजळीत धरावं.

मग मी फिरले. लग्नात गेले, नव्या चर्चच्या उद्घाटनाला गेले, मयताला गेले. बायका मला दोन टोकांना धरून अंगणातून मिरवायच्या, समोरचे लोक ओरडायचे, "वा वा, काय देखणी!" आणि त्यावर मी फुगायचे. मला वापरत नाहीत, मला देतात, हा माझा तोरा. माझ्यासारखं नशीब कुणाचं, असं मला खरंच वाटायचं. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

फिरत फिरत मी सवाई बेटावर तुआलिमाच्या घरी आले. तुआलिमा त्या कुटुंबाचा मुखिया. गडगडाटी हसणारा, पोट सुटलेला, साखरेचा आजार असलेला आणि तरी नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस चोरून खाणारा. बायको तालिता त्याला रोज पकडायची.

"अहो, तोंड दाखवा."

"प्रार्थना पुटपुटतोय गं."

"प्रार्थनेने ओठांना रस लागत नाही!"

असं ते घर. तिथे ती संध्याकाळ आली.

आमच्याकडे संध्याकाळी गॅसच्या रिकाम्या टाकीवर हातोडा मारून घंटा देतात. घंटा झाली की गावातला रस्ता बंद, सगळे घरात प्रार्थनेला. तुआलिमाचा भाचा पेनी धक्क्यावरून मासळी घेऊन येत होता. शेजारचं गाव घंटेच्या आत ओलांडावं, नाहीतर प्रार्थना संपेपर्यंत रस्त्याकडेला थांबावं लागेल, म्हणून त्याने गाडी पळवली. आणि त्याच घंटेच्या आत घर गाठावं म्हणून त्या शेजारच्या गावातल्या लेउताची मुलगी वाइओला धावत रस्ता ओलांडत होती. एकोणीस वर्षांची पोर. गाडीखाली आली आणि जागच्या जागी गेली.

पेनीने घरी येऊन हे सांगितलं. घराला भिंती नसतात आमच्याकडे, नुसते खांब, त्यामुळे सगळ्या गावाने ते ऐकलं.

उजाडायच्या आधी तालिताने मला बाहेर काढलं. मी खुळी, मला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे! पण अंगणात माणसं जळण गोळा करत होती. अन्न भाजायच्या भट्टीत तापवतात ते काळे दगड गोळा करत होती. जेवणावळ कुणाकडे, असा मी विचार करत होते, तेवढ्यात तुआलिमा म्हणाला, "जळण आपलंच असायला हवं. भाजायचं तर त्यांनी आपल्याला आपल्याच जळणावर भाजावं."

रीत मी ऐकून होते. आपल्या माणसाच्या हातून कुणी मेलं, तर घराच्या मुखियाने जळण आणि दगड घेऊन त्यांच्या दारात जायचं, डोक्यावर मानाची चटई घेऊन मान खाली घालून बसायचं. मारा, भाजा, नाहीतर माफ करा. माफ केलं, तर त्या घरचा माणूस स्वतः येऊन चटई उचलतो. तोवर वर बघायचं नाही, बोलायचं नाही. हे सगळं ऐकलेलं. पण ती चटई मी असेन, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"मामा, चूक माझी आहे. मी बसतो," पेनी म्हणाला.

"तुला बघून त्यांचा हात उठेल, मग त्यांचं पोरगं तुरुंगात जाईल. एका घरातून किती माणसं न्यायची आपण? तू इथेच थांब, पोलीस येतील त्यांच्याबरोबर जा."

तालिता साखरेच्या आजाराची गोळी आणि शहाळं घेऊन आली. "एवढं तरी घ्या."

"त्यांच्या घरी पोर गेलीय आणि मी पोट भरून माफी मागायला जाऊ?"

"ऊन चढलं म्हणजे?"

"लेउता भला माणूस आहे. ऊन चढू देणार नाही."

लेउताच्या दारात, काळ्या लाव्हाच्या खडकावर, तो मांडी घालून बसला. कपाळ गुडघ्यांकडे नेलं. मला त्याच्यावर पांघरलं. मागे घरची माणसं माना खाली घालून बसली.

एखाद्या माणसाला इतक्या जवळून मी कधी ओळखलं नव्हतं. एवढा मोठा मुखिया, आणि थरथरत होता! श्वास माझ्या विणीतून आरपार जात होता. तो वाइओलाचं नाव घेत होता, पुन्हापुन्हा, जणू विसरेल अशी भीती होती.

समोरचं घर मला उघडं दिसत होतं. मधोमध वाइओलाला पांढऱ्या कापडात ठेवलेलं. तिचा भाऊ सेफा हातात कोयता घेऊन येरझारा घालत होता. आई एलेनोआ लेकीचे केस विंचरत होती. लेउता खांबाला टेकून बसला होता, दगडासारखा.

सूर्य वर आला. सेफाने एक दगड भिरकावला. तो माझ्या कडेला लागला, पिसं उडाली. माझ्याखालचा माणूस आणखी खाली वाकला.

एलेनोआ म्हणाली, "अहो, उठा. उचला ती चटई."

"उचलणार आहे."

"मग उचला ना! म्हातारा आहे तो."

"आई, बसू दे त्याला!" सेफा ओरडला. "आपण रात्रभर बसलोय."

लेउता हळू आवाजात म्हणाला, "मी त्याला मनातून कधीच माफ केलंय. पण लगेच उठवलं तर लोक काय म्हणतील? पोर स्वस्तात गेली म्हणतील. जरा ऊन चढू दे. तिची किंमत दिसू दे गावाला."

ऐकलंत? माफ केलं होतं त्याने! मला वाटलं ओरडून सांगावं, अरे तुआलिमा, सुटलास तू! पण चटईला कुठलं तोंड?

खडक तापला. माझ्याखाली भट्टी झाली. त्याचा घाम आधी गरम होता, मग गार लागायला लागला. नाव घेणं थांबलं. श्वास आखूड झाला, अडखळला, आणि मग माझ्या विणीतून वारा यायचाच बंद झाला.

मला कळलं. मला एकटीलाच कळलं! मागे त्याची सख्खी माणसं, पुढे त्याला माफ केलेला माणूस, आणि सगळे जण रीत पाळत बसले होते. मेलेल्या माणसावर मी किती वेळ तशीच होते, ते सांगवत नाही.

शेवटी लेउता उठला, अंगणात आला, आणि सगळ्या गावादेखत त्याने मला दोन्ही हातांनी उचललं.

"ऊठ, तुआलिमा. झालं. घरात चल."

तुआलिमा तसाच बसून होता. लेउताने त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो कुशीवर कलंडला.

एलेनोआच्या तोंडून जो आवाज निघाला तो लेकीसाठीही निघाला नव्हता. सेफाच्या हातातला कोयता गळून पडला. लेउताने मला छातीशी घट्ट धरलं. "मी उचलणारच होतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, देव जाणे.

रात्री लेउताच्या घरात कुणी जेवलं नाही. पहाट व्हायच्या आत एलेनोआने मला नवऱ्यापुढे ठेवलं.

"चला आता. त्यांच्या दारात."

"हीच चटई?"

"हीच. दुसरी कुठल्या तोंडाने नेणार?"

सेफाने जळण उचललं, दगड उचलले. ज्याने काल दगड मारला तोच आज भट्टीचे दगड वाहत होता. मी लेउताच्या हातात होते आणि भीतीने गोठले होते. आता तालिताची पाळी. ती किती वेळ बसवेल? कालच विधवा झालेली बाई. तिच्या नवऱ्याची किंमत गावाला दाखवायला किती ऊन लागेल?

तुआलिमाच्या अंगणात लेउताने मला डोक्यावर घेतलं. एक गुडघा टेकला.

दुसरा टेकायच्या आधीच मला हिसका बसला. तालिता! केस मोकळे, अनवाणी, घरातून धावत आली होती. तिने मला ओरबाडून काढलं, माझी कड फाटली, तिला पर्वा नव्हती.

"ऊठ! ऊठ म्हणते ना!" ती लेउताला दंडाला धरून ओढत होती. "नंतर रड, नंतर काय करायचं ते कर, आधी सावलीत ये!"

"वहिनी, लोक म्हणतील..."

"म्हणू देत! माझा माणूस स्वस्तात गेला म्हणू देत! मला दुसरा मेलेला नकोय."

मग ती मटकन खाली बसली आणि लेउता तिच्याशेजारी बसला. दोघं लहान मुलांसारखी रडली.

आता मी तालिताच्या गादीखाली असते. चुरगळू नये म्हणून मानाच्या चटया इथे गादीखालीच ठेवतात. गादीच्या एका बाजूला तिचं वजन जाणवतं, दुसरी बाजू हलकी असते. फाटलेली कड कुणी शिवलेली नाही. लग्नाला मला कुणी मागत नाही, आणि मिरवायची हौस मलाही उरलेली नाही.

तुम्हा माणसांची एक गोष्ट मला अजून उमगत नाही. मनात माफी असताना तुम्ही ती हातात का धरून ठेवता? माझ्याखाली कुणी बसलेलं दिसलं, तर कृपा करून रीत, मान, गाव काही बघत बसू नका. आधी मला उचला.